उत्कर्षाची यादी

सोसायटीत मला सगळे सर म्हणतात. मी सर कधीच नव्हतो. चौतीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होतो. पुस्तकांवर नंबर घालायचे आणि हरवलेल्यांची नोंद करायची, एवढंच काम. धायरीत राहायला आलो तेव्हा वॉचमननं पहिल्यांदा सर म्हटलं. मी तिथल्या तिथं दुरुस्त केलं नाही, आणि मग दुरुस्त करायची वेळ निघून गेली.

शेजारच्या फ्लॅटमध्ये संतोष आणि उत्कर्षा भाड्यानं राहायचे. दोघं वाशीमकडचे. संतोष एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला होता. उत्कर्षा बी.ए. झालेली, दिवसभर घरात एकटी. माझ्याकडून पुस्तकं न्यायची आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणायची. माझ्या मुलीनं, पूर्वानंसुद्धा माझ्या पुस्तकांना कधी कव्हर घातलं नाही, त्यामुळे या मुलीविषयी मला फार वाटायचं. अर्थात तसं तिला कधी म्हटलं नाही.

तिला सातवा महिना लागला तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "सर, तुमच्याकडे बाळंतपणाचं काही पुस्तक आहे का?"

नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बसनं अप्पा बळवंत चौकात जाऊन एक घेऊन आलो. दुकानदारानं पुस्तक कागदात बांधता बांधता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजोबा, जरा उशीरच केलात."

मी "हो, बस मिळाली नाही" म्हणालो. त्याचा विनोद मला परतीच्या बसमध्ये, दांडेकर पुलाजवळ कळला.

उत्कर्षानं पुस्तक चाळलं आणि परत माझ्या हातात दिलं. "एवढं कुठं वाचू, सर? दोन पानं वाचली की झोप येते. तुम्हीच वाचा आणि मला यादी करून द्या. बाळाला आणि मला काय काय लागेल, सगळं. माझी आई असती तर तिनं सांगितलं असतं. सासूबाई येणार आहेत, पण त्या ऐन वेळेला येणार."

यादी करणं मला जमतं. त्या कामाला मी तीन दिवस घेतले. लंगोट चोवीस, जुन्या सुती साडीचे. नवं कापड कितीही धुतलं तरी टोचतं. दुपटी आठ. झबली सहा, बंदांची, बटणं नकोत. टोपडी दोन. मेणकापड एक. थर्मामीटर, वाटी-चमचा, नखं कापायची बोथट टोकाची कात्री. आईसाठी अळीव, खारीक, डिंक, बाळंतशेपा, पाण्याचा थर्मास. 'पुढून उघडणारे गाऊन चार' अशी ओळ लिहिली आणि खोडली. मग 'सैल गाऊन चार' असं लिहिलं. दवाखान्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरात दारामागे लावावा.

पुस्तकात एक पान दुधाबद्दल होतं. पहिलटकरणीला कधी कधी दूध पुरेसं येत नाही, आणि बाळ रडून ते सांगेलच असं नाही. उपाशी बाळ थकतं आणि झोपून राहतं. घरच्यांना वाटतं शांत आहे. म्हणून लंगोट मोजावेत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी ओले झाले पाहिजेत. कमी झाले तर दूध पुरत नाही असं समजून बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे हे मला कळलं होतं. मी पेन्सिलीनं त्या पानावर खूणही केली होती. पण तिच्या दुधाविषयी, बाळाच्या शूविषयी, मी शेजारचा म्हातारा विधुर, माझ्या वळणदार अक्षरात लिहून देणार, आणि तो कागद संतोष वाचणार, हे मला काही केल्या जमेना. दवाखान्यात नर्स सांगेल. सासूबाईंनी पाच मुलं वाढवली आहेत, त्या बघतील. मी शेवटी लिहिलं, 'इतर गोष्टी डॉक्टर सांगतील,' आणि खाली रेघ मारली.

उत्कर्षानं यादी कपाटाच्या दाराला चिकटपट्टीनं लावली. एकेक वस्तू आली की ती पुढं खूण करायची आणि भेटली की मला सांगायची, "सर, आज कात्री झाली."

जानेवारीत गोदाबाई आल्या, संतोषची आई. साठीच्या, काटक, आवाजात हुकूम. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हजर.

"सर हाय का घरात? बाप्पा! पुस्तकंच पुस्तकं. इथं माणूस कुठं बसते?"

मी खुर्चीवरची पुस्तकं उचलली. त्या तरीही उभ्याच राहिल्या.

"तुमची पोरगी परदेशात हाय म्हणते उत्कर्षा."

"हो. पूर्वा. कॅनडात."

"तब्बेत गिब्बेत?"

"चांगली आहे."

"लेकरं?"

"दोन."

"मंग तिचं लहानपणचं झबलं द्या एक. आमच्यात पहिल्यांदा अंगाला नवं घालत नाई. जगल्या-वाचल्या, नशिबाच्या लेकराचं जुनं मागून आणा लागते. या बिल्डिंगीत सगळ्यांची पोरं अजून नाकं पुसत हिंडून राह्यली. मोठी होऊन गाजलेली तुमचीच एक दिसली."

मला बरं वाटलं. यादीपलीकडचं काहीतरी माझ्याकडे मागितलं होतं. वेणूला, माझ्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली. तिची ट्रंक मी तेव्हापासून उघडली नव्हती. तळाशी, एका रुमालात, एकच झबलं होतं. मलमलीचं, पिवळट पडलेलं, हिरव्या बंदांचं. ते मी गोदाबाईंना दिलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "आता काय भेव नाई."

मंगळवारी उत्कर्षाला मुलगी झाली. शुक्रवारी ते घरी आले.

माझ्या गॅलरीला लागून त्यांची गॅलरी आहे. मध्ये अर्धी भिंत. माझी वाचायची खुर्ची दारापाशी असते, कारण तिथं ऊन येतं. तिथून त्यांची दोरी दिसते. मी मुद्दाम पाहत नव्हतो, निदान पहिल्या दिवशी तरी. शनिवारी दोरीवर चार लंगोट होते. तो पाचवा दिवस. रविवारी पाच. मी मनात म्हटलं, चढता आकडा आहे, उद्या सहा होतील.

त्याच रविवारी सकाळी गोदाबाई बाळाला उन्हात घेऊन बसल्या होत्या. "बघा सर, तुमच्या पोरीचं झबलं कसं बसलंय." बाळ लहानसं, मिटलेलं होतं. बंद हिरवे. त्या हिरव्या रंगानं माझ्या मनात काहीतरी हललं, पण काय ते कळेना. नव्वद हजार पुस्तकांत कुठलं कुठल्या कपाटात आहे हे मला एकेकाळी तोंडपाठ असायचं. ट्रंकेतल्या एका झबल्याचं मला सांगता येईना. दुपारी मी बार्शीला फोन लावला. मुक्ताई माझी मेहुणी, वेणूची धाकटी बहीण. आमच्या घरातलं सगळं शिवणकाम तिचंच.

"पूर्वाचं झबलं?" मुक्ताई म्हणाली. "अहो दाजी, पूर्वाचं एक तरी राहिलं होतं का? पोरगी गोरीगोमटी, बाळसेदार. ज्याच्या त्याच्या घरून मागणं. शेवटचं तर तुमच्या साहेबांच्या सुनेनं नेलं. ताई म्हणायची, माझ्या पोरीचे कपडे अर्ध्या पुण्याच्या अंगावर आहेत."

"हिरव्या बंदांचं एक आहे."



"ते पहिल्याचं," ती म्हणाली. "ते कोण मागणार, दाजी?"

आमचा पहिला मुलगा एकोणीस दिवस जगला. सत्तेचाळीस वर्षं झाली. वेणूनं त्याचं एक झबलं ठेवलंय हे मला माहीत नव्हतं. पण विचार केला असता तर कळलं असतं. ज्या घरातलं मूल जगतं त्या घरात झबली उरत नाहीत. उरलेलं एकच असेल तर ते कुणाचं असेल, हे ट्रंकेपाशीच मला सुचायला हवं होतं.

मी असल्या गोष्टी मानत नाही. आयुष्यभर मानल्या नाहीत. कपडा तो कपडा. आता गोदाबाईंना सांगितलं तर त्या घरात रडारड होईल, ओल्या बाळंतिणीच्या मनात नसतं काही भरेल. न सांगणंच बरं, असं मी ठरवलं. आणि तसं ठरवल्यावर मला त्या घराकडे बघायचीच भीती वाटू लागली.

सोमवारी दोरीवर तीन लंगोट होते.

मी पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचलं. मग स्वतःलाच म्हटलं, तुला हे का दिसतंय? कालपासून तुझ्या डोक्यात झबलं बसलंय. म्हणून तू अपशकुन शोधतोयस. अडाणी माणसं घुबडं मोजतात, तू लंगोट मोजतोस. त्यांनी डायपर आणले असतील. आत पंख्याखाली वाळवत असतील. थंडी आहे, धुणं कमी केलं असेल. माझी भीती झबल्याची आहे की आकड्याची, हे मला वेगळं करता येईना. आणि झबल्याच्या भीतीची मला इतकी लाज वाटत होती की आकड्याची भीतीही मी तिच्याबरोबरच गाडून टाकली.

मंगळवारी दोन होते.

मी सदरा बदलला. वाक्य पाठ केलं. 'गोदाबाई, पुस्तकात असं दिलं आहे की, लंगोट सहापेक्षा कमी झाले तर बाळाला डॉक्टरांना दाखवून घ्यावं.' त्यात 'दूध' शब्द येत नव्हता, याची मी काळजी घेतली होती. बेल वाजवली.

गोदाबाईंनी दार उघडलं. घरात शेपांचा आणि धुरीचा वास होता.

"बाळ बरं आहे ना?" मी विचारलं.

"लई गुणाची पोर हाय, सर. रडणं म्हणून नाई. उठवून पाजा लागते. दोन घोट घेते अन् झोपते. आमचा संतोष असा होता का? गाव गोळा करे. हे तुमच्या झबल्याचा गुण हाय."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून उत्कर्षाचा आवाज आला. थकलेला, पण खुशीतला.

"सर आलेत का? सर, यादीतलं सगळं आलं बरं का! फक्त मेणकापड राहिलंय. संतोष रोज विसरतात."

"आणतो मी," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही कशाला?"

"फाट्यावर मिळतं. आत्ता आणतो."

आणि मी गेलो. खरोखर गेलो. धायरी फाट्यापर्यंत चालत, तीन दुकानं फिरून एक मीटर मेणकापड आणलं, निळं. बाळ अंथरूण ओलं करतं तेव्हा खाली घालायचं. गोदाबाईंनी दारातूनच घेतलं. "मोठे कामाचे हाय हो तुम्ही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाळ शांत आहे ना, छान." घरी आलो. पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच होतं.

बुधवारी संध्याकाळी संतोष कामावरून आला आणि पाच मिनिटांत जिन्यात पळापळ झाली. बाळ उठत नव्हतं. अंग पिवळं दिसत होतं, टाळू आत गेली होती. रिक्षा खाली उभी होती. उत्कर्षा शाल गुंडाळून जिना उतरत होती, भिंतीला धरून. माझ्या दारावरून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारात उभा होतो, हातात चष्मा.

गुरुवारी सकाळी संतोष डबा न्यायला घरी आला. डोळे सुजलेले. जिन्यात भेटला.

"काचेत ठेवलंय, सर. अंगातलं पाणी गेलंय म्हणतात, रक्तातलं मीठ वाढलंय. किडनीपर्यंत गेलंय. डॉक्टर चिडले आमच्यावर. विचारत होते, दिवसातून किती लंगोट ओले व्हायचे? आम्हाला कुणालाच सांगता येईना. आई म्हणते व्हायचे चार-पाच, ती म्हणते लक्षात नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "कोण मोजतं हो असलं?"

मी गप्प राहिलो. त्याला वाटलं, मलाही माहीत नाही. तो खाली उतरला.

तेव्हा आकडे सांगून काही वाचलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतं. पण त्या डॉक्टरांना हवं असलेलं उत्तर अख्ख्या पुण्यात फक्त माझ्याकडे होतं, आणि मी ते जिन्यात घेऊन उभा राहिलो.

शुक्रवारी दुपारी बाळ गेलं.

त्यानंतरचे दिवस भिंतीपलीकडून ऐकू येत राहिले. गोदाबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांचंही नातवंड गेलं होतं. पण दुःखात त्यांची जीभ चालायची. "पाच लेकरं पाजली म्या. दूध नाई, हे आईला कळत नाई असं असते काय? पुस्तकं वाचते म्हणे." उत्कर्षाचा आवाज कधी यायचा नाही. एकदा फक्त आला, "आई, छाती दुखते," आणि मग दार लावल्याचा आवाज.

पंधराएक दिवसांनी, दुपारी, गोदाबाई झोपल्या असताना ती आली. चपला न घालता. हातात झबलं होतं, धुऊन इस्त्री केलेलं, आणि यादी. कपाटावरून काढताना चिकटपट्टीबरोबर कागदाचा कोपरा फाटला होता. बसण्यासारखी एकच खुर्ची होती, दारापाशी उन्हातली. ती तीत बसली.

"हे द्यायला आले. आई म्हणतात, मागून आणलेलं ठेवू नये." मग तिनं यादी गुडघ्यावर पसरली. "सर, हे बघा. सगळ्यांवर खुणा आहेत. लंगोट चोवीस. दुपटी. थर्मामीटर. मेणकापडसुद्धा. मी एक वस्तू सोडली नाही. रोज वरून खालपर्यंत वाचते. मग माझ्याकडून काय राहिलं?"

मी म्हणालो, "उत्कर्षा, ते झबलं पूर्वाचं नव्हतं."

आणि तिला सगळं सांगितलं. पहिला मुलगा, एकोणीस दिवस, मुक्ताईचा फोन. ते सांगताना मी अडखळलो नाही. आयुष्यात क्वचितच इतका सरळ बोललो असेन. चूक कबूल करून मोकळं होता येतंय असं मला वाटत होतं, आणि ही चूक सोपी होती, कारण झबल्यानं काही होतं यावर माझा विश्वासच नव्हता.

तिनं झबल्याचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले.

"त्याचं नाव काय होतं?"

"ठेवलं नव्हतं. बारसं पुढं ढकललं होतं."

"आमचंही राहिलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "झबल्यानं काय होतं, सर? पोटात दूध नव्हतं तिच्या. डॉक्टरांनी सांगितलं मला. वेळेत कळलं असतं तर वरचं देऊन भागलं असतं, म्हणाले. मला कळलंच नाही. ती झोपलेली, म्हणून मीही झोपायचे. आईला कळतं म्हणतात. कसं कळतं, सर? सांगा ना. तुम्ही वाचलंय."

आता झबलं संपलं होतं. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मी उठून पुस्तक काढलं. पेन्सिलीच्या खुणेचं पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

तिनं सावकाश वाचलं. मग यादी उचलली आणि खालची ओळ वाचली, 'इतर गोष्टी डॉक्टर सांगतील.' पुन्हा पुस्तक.

"ही खूण कधीची?"

"यादी केली तेव्हाची."

"मग लिहिलं का नाही?"

"मला संकोच वाटला."

तिनं मान वर केली आणि समोर पाहिलं. त्या खुर्चीतून जे दिसतं ते तिला दिसलं. अर्धी भिंत, त्यांची गॅलरी, दोरी. दोरीवर त्या दिवशी संतोषचा एक शर्ट होता.

"तुम्ही रोज इथंच बसता."

"हो."

"किती होते?"

"शनिवारी चार. रविवारी पाच. सोमवारी तीन. मंगळवारी दोन."

"मंगळवारी," ती म्हणाली. ओठ हलवून तिनं दिवस मोजले. "मंगळवारी तुम्ही मेणकापड आणून दिलंत."

"हो."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक मिटून बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं, कडेला कड जुळवून, नेहमी ठेवायची तसं. यादीची घडी केली आणि मुठीत घेतली. झबलं खुर्चीवरच राहिलं. दारातून जाताना ती चौकटीला धरून क्षणभर थांबली. बाळंतिणीचं अंग, अजून भरून आलं नव्हतं. मी पुढं झालो नाही. मग भिंतीपलीकडे दार लागल्याचा आवाज आला, हळू, गोदाबाई जाग्या होणार नाहीत असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीचं दार उघडलं तर संतोष स्टुलावर उभा राहून दोरी सोडत होता. मी जागच्या जागी थांबलो. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय, सर," तो म्हणाला, नेहमीसारखा. "ती म्हणते, कपडे आतच वाळवू. आता असतात तरी किती?"

तिनं त्याला सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत राहिला, काहीतरी साधं उत्तर येईल म्हणून. दोरी त्यानं कोपराभोवती गुंडाळायला घेतली होती.

"हो," मी म्हणालो, "थंडी आहे."